ब्लाउजपीस फिरतं, गोधडी का फिरत नाही?

बहुतेक मराठी घरांतल्या कपाटात एक पिशवी असते. तिच्यात ब्लाउजपिसं असतात. कुणाच्या वास्तुशांतीला मिळालेली, कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणी ओटीत घातलेली. यांतलं क्वचितच एखादं शिवून अंगात घातलं जातं, हे देणारीला ठाऊक असतं आणि घेणारीलाही. पुढचं हळदीकुंकू आलं की पिशवी उघडायची, त्यातल्या त्यात बरा रंग निवडायचा आणि ते पुढच्या घरी रवाना करायचं. काळजी एवढीच की ज्या घरून आलं त्याच घरी परत जाऊ नये. म्हणून काही चोख बायका पिसाला नावाची चिठ्ठी टाचून ठेवतात आणि देण्याआधी आठवणीनं ती काढतात. दिवाळीत सोनपापडीच्या डब्याचं हेच होतं, फक्त तिथे मुदत संपायची तारीख छापलेली असल्यामुळे जरा घाई असते.

मावशीनं स्वतः टाके घालून दिलेली गोधडी मात्र त्या पिशवीत जात नाही. बाजारभाव लावला तर तिच्यातल्या कापडाला काहीच किंमत नाही. जुनी लुगडी, विरलेलं धोतर, मधे कुणाच्या तरी शर्टाचा तुकडा. ब्लाउजपीस त्या मानानं नवं कोरं. तरी फिरतं ते नवं कोरं, आणि टिकतं ते जुनेर. असं का, हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. गेली शंभर वर्षं मानववंशशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ आपापल्या परीनं त्याच्याशी झटापट करत आले आहेत.

सुरुवात मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकापासून करावी लागते. १९२५ साली त्यानं भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. जगभरच्या जुन्या समाजांमधले देण्याघेण्याचे रिवाज एकमेकांशेजारी मांडून त्यानं म्हटलं की भेट ही दिसायला खुशीची असते, पण तिच्यात तीन बंधनं असतात. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. शेजारून आलेल्या वाटीचं उदाहरण घ्या. त्यांच्याकडे पुरणपोळ्या झाल्या, झाकून वाटीभर कटाची आमटी आली. 'नको' म्हणणं शक्य नाही, तो अपमान होईल. आमटी संपली, वाटी घासली, तरी ती तशीच नेऊन द्यायची नाही. रिकामं भांडं परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे कुणी शाळेत शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आमटीच्या बदल्यात त्याच संध्याकाळी तेवढीच आमटी कुणी परत देत नाही. मधे काही दिवस जातात, आणि जातं ते काहीतरी वेगळं.

मॉसला छळणारा प्रश्न होता की परत द्यायची ओढ येते कुठून? कायदा नाही, करार नाही, पोलीस नाहीत. उत्तरासाठी तो न्यूझीलंडच्या माओरी लोकांकडे वळला. तामाती रानापिरी या माओरी जाणकारानं दिलेला एक खुलासा त्याच्या हाती आला होता. त्याचा आशय असा: तू मला एक वस्तू दिलीस. मी ती तिसऱ्याला दिली. काही काळानं त्या तिसऱ्यानं मला परतभेट म्हणून दुसरं काही दिलं. ते माझं नाही. त्यात तुझ्या वस्तूचं 'हाऊ' आहे, म्हणजे तिचं चैतन्य म्हणा, प्राण म्हणा. ते मी तुझ्याकडे पोचवलंच पाहिजे. दाबून ठेवलं तर माझंच वाईट होईल.

पुढच्या अभ्यासकांनी मॉसच्या या वाचनावर बरंच तोंडसुख घेतलं. एका माओरी कल्पनेचा सगळ्या मानवजातीवर पसारा मांडला, असा आक्षेप होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण भूतप्रेताचा भाग बाजूला ठेवला तरी निरीक्षण उरतंच. काही वस्तू हातातून सुटल्या तरी देणाऱ्यापासून सुटत नाहीत. देणाऱ्याचा थोडा भाग त्यांच्यात राहतो. आणि ज्या घरात दुसऱ्या माणसाचा थोडा भाग आहे, त्या घराचा त्या माणसाशी संबंध संपलेला नसतो.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या बेटांवर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा पोलिश अभ्यासक तिथल्या ट्रोब्रिअंड बेटांवर तंबू ठोकून राहिला. तिथले लोक होड्यांतून धोक्याचा समुद्र ओलांडून दूरच्या बेटांवर जात. कशासाठी? शिंपल्यांच्या दागिन्यांसाठी. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या साखळीतून एका दिशेनं फिरत आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट्या दिशेनं. माळ मिळाली की कडं द्यायचं, कडं मिळालं की माळ. या चक्राला कुला म्हणतात. गंमत अशी की यांतली बहुतेक कडी इतकी लहान होती की मोठ्या माणसाच्या दंडातच काय, पोराच्या हातातसुद्धा जाणार नाहीत. वापरायची नाहीत, फार काळ ठेवायचीही नाहीत. वर्ष-दोन वर्षांत पुढच्या माणसाकडे गेलीच पाहिजेत, नाहीतर तो चिकट म्हणून बदनाम.

म्हणजे आपलं ब्लाउजपीसच की! वापरायचं नाही, पुढे ढकलायचं. पण एक फरक आहे, आणि मला वाटतं या सगळ्या विषयाची किल्ली त्यातच आहे. कुलातल्या उत्तम कड्यांना आणि माळांना स्वतःची नावं होती. कुठली माळ कुणाकडे होती, कुणी कशी मिळवली, तिच्यासाठी कोण किती दिवस झुरला, हे सगळं तिच्याबरोबर सांगितलं जाई. दर हस्तांतरानं तिची किंमत वाढे, कारण तिला आणखी एक माणूस चिकटलेला असे. युरोपात परतल्यावर मालिनोव्स्कीनं एडिंबरोच्या किल्ल्यात स्कॉटलंडच्या राजघराण्याचे दागिने पाहिले. ते कुठल्या राजाराणीनं कधी घातले याच्या कथा रखवालदार सांगत होता, आणि मालिनोव्स्कीला ट्रोब्रिअंडची कडी आठवली. कुलातली वस्तू माणसं जोडत फिरते. आपलं ब्लाउजपीस फिरायचं तर त्याच्यावरचा माणूस आधी पुसावा लागतो. ती टाचणी काढून चिठ्ठी फेकणं म्हणजे नेमकं तेच.

कुलात घासाघीस चालत नसे. बाजार त्यांच्याकडे होताच. मासे, कंद, मडकी यांची अदलाबदल भाव करून, हुज्जत घालून होई, आणि तिला वेगळं नाव होतं, गिमवाली. कुणी कुला करताना परतभेटीची मोजदाद करू लागला तर 'हा गिमवालीसारखी कुला करतो' अशी त्याची छीथू व्हायची. परत काय आणि कधी द्यायचं हे परतभेट देणाऱ्यानं ठरवायचं. कुलातलं नातं एकदा जुळलं की जन्मभराचं. परक्या बेटावर, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही आणि जादूटोण्याची भीती आहे, तिथे जेवू घालणारं, पाठीशी उभं राहणारं एक घर त्यातून मिळे. शिंपल्यांच्या बदल्यात मिळायचं ते हे.

पण मालिनोव्स्कीच्या नजरेतून एक गोष्ट जवळजवळ निसटलीच. १९७१ साली ॲनेट वायनर ही अमेरिकन अभ्यासक त्याच बेटांवर गेली. गावात कुणीतरी वारलं होतं आणि बायका हजारोंच्या संख्येनं केळीच्या वाळलेल्या पानांच्या जुड्या वाटत होत्या. परक्याच्या दृष्टीनं तो पालापाचोळा. त्या जुड्यांचा दुसरा काही उपयोग नाही. पण पानं सोलायची, खरवडायची, वाळवायची, बांधायची, यात बाईचे दिवसच्या दिवस जात, आणि मेलेल्या माणसाशी ज्यांचं ज्यांचं देणंघेणं होतं त्या प्रत्येकाला त्या मोजून दिल्या जात. नवरे आपली कमाई खर्चून बायकोसाठी जुड्या जमवत. पुरुष समुद्रावर शंखांसाठी जात असताना गावातली नाती बायकांच्या हातच्या पानांनी बांधली जात होती. मालिनोव्स्कीनं त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. आपल्याकडे आहेराच्या याद्या पुरुष लिहितात आणि गोधडीचा हिशेब कुणीच लिहीत नाही, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

गोधडीत घालायचं ते मुळात कपड्याचं आयुष्य. लुगडं वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं असतं म्हणून तर ते तान्ह्या बाळाच्या अंगाखाली चालतं. नवं कापड टोचतं. मग थरावर थर, धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी, आणि दुपारच्या त्या वेळा ज्या दुसऱ्या कशालाही देता आल्या असत्या. हल्ली गोधड्या ऑनलाइनही मिळतात, बचत गट चांगल्या शिवतात, आणि त्या घेण्यात काही कमीपणा नाही. विकत आणलेली गोधडीही जवळची होऊ शकते, जर ती घेण्यात तुमचं काही असेल. म्हणजे समोरच्या माणसाला सतत थंडी वाजते हे तुम्ही कधीतरी पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं, एवढं जरी असलं तरी.

आता अर्थतज्ज्ञांची बाजू. ती ऐकायला मजेशीर आहे. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं नाताळच्या भेटींवर एक शोधनिबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यानं विचारलं की मिळालेल्या वस्तूंची किंमत किती असावी, आणि त्या तुमच्याकडे नसत्या तर तुम्ही त्यांच्यासाठी किती पैसे मोजले असते? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी निघाला. त्याच्या अंदाजानं भेटींच्या किमतीतला दहावा भाग ते तिसरा भाग निव्वळ वाया जातो. देणाऱ्याचे हजार खर्च झाले, घेणाऱ्याला सातशे-नऊशेचं सुख मिळालं, मधले कुणालाच नाही. आजी-आजोबा, काका-मामा यांच्या भेटी त्यात सगळ्यात तोट्याच्या ठरल्या, आणि तेच लोक रोख पैसे देण्याकडे जास्त झुकलेले दिसले. शहाणेच म्हणायचे.

त्याच्या गणितात चूक नाही. सोनपापडीला ते तंतोतंत लागू पडतं. फक्त प्रश्न विचारताना त्यानं एक अट घातली होती. वस्तूचं भावनिक मोल वगळून किंमत सांगा. मावशीच्या गोधडीतून मावशी वजा करा आणि मग बोला. तसं केलं तर गोधडीला चिंध्यांचाच भाव येणार.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यावरून घाईनं जाऊ नये. परतफेडीची ओढ आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेनिस रीगन या मानसशास्त्रज्ञाचा १९७१ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सहभागी माणसाबरोबर दुसरा एक जण बसवलेला असे, जो खरं तर प्रयोगकर्त्याचाच माणूस. मधल्या वेळात तो बाहेर जाई आणि येताना दोन कोकाकोला घेऊन येई, एक स्वतःला आणि एक न मागता सोबत्याला. नंतर तो सोडतीची तिकिटं विकायला काढी. ज्यांना कोक मिळाला होता त्यांनी, न मिळालेल्यांच्या साधारण दुप्पट तिकिटं घेतली. आणि खरी गोम पुढे आहे. कोक घेतलेल्यांच्या बाबतीत तो माणूस त्यांना आवडला की नाही यानं फरक पडला नाही. आवडत नसलेल्या माणसाचंही देणं त्यांनी फेडलंच. विक्रेते फुकटचा नमुना हातात का ठेवतात, दिवाळीत ठेकेदार साहेबांच्या घरी काजूकतलीबरोबर चांदीचं नाणं का पाठवतात, हे यावरून कळतं. ऋण तयार करायला वस्तू पुरते. जवळीक तयार व्हायला ती पुरत नाही.

उलट फार चोख परतफेड नात्याला मारक ठरू शकते. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ मध्ये दाखवलं की जिथे माणसाला मैत्रीची आशा असते, तिथे केलेल्या मदतीचा समोरच्यानं लगेच मोबदला दिला तर तो समोरचा कमी आवडू लागतो. जिथे व्यवहारच अपेक्षित असतो, तिथे मोबदला मिळाल्यानं बरं वाटतं. तुम्ही मैत्रिणीला विमानतळावर सोडलंत आणि तिनं गाडीतून उतरताना पेट्रोलचे पैसे मोजून ठेवले, तर लागतं ना? तिनं चूक काहीच केलेलं नाही. तिनं फक्त हिशेब बंद केला. आणि हिशेब बंद झाला की परत भेटायचं कारणही थोडं कमी होतं.

लग्नातल्या आहेराच्या वहीकडे या नजरेनं पाहण्यासारखं आहे. मांडवात एक जण वही घेऊन बसतो. नाव, गाव, रक्कम. अनेक गावांत हे माईकवरून पुकारतात. त्यांच्याकडे कार्य निघालं की आपली वही काढायची, त्यांनी काय केलं होतं ते पाहायचं आणि त्याला धरून किंवा थोडं वर करायचं. शहरी माणूस या वहीला नाकं मुरडतो. मला ते पटत नाही. लग्नाचा खर्च एका घराला एकदम झेपणारा नसतो, आणि बँक दारात उभी करत नाही, तेव्हा ही वही म्हणजे भावकीची बिनव्याजी पतपेढीच होती. पाचशेवर एक रुपया ठेवून रक्कम पुरी होऊ न देण्यातही व्यवहार उघडा ठेवण्याची तीच समज दिसते. पण वहीकडून वहीच्या कामापेक्षा जास्त अपेक्षा करू नये. ती दोन घरं बांधून ठेवते. त्या घरांतली दोन माणसं एकमेकांना कळतील की नाही, हे तिच्या हातात नाही. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापणाऱ्यांनी वही बंद केली, ते ठीक. पण तिच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही, आणि आता पाहुणे रांगेत उभे राहून फोटो काढतात आणि जेवून जातात.

मग माणसं कळावीत म्हणून काय द्यायचं? रूढ सल्ला असा की समोरच्याला काय आवडतं ते हेरा आणि ते द्या. लारा ॲकनिन आणि लॉरेन ह्युमन या दोघी संशोधकांनी २०१५ मध्ये याला एक छेद दिला. त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की लोक भेट निवडताना घेणाऱ्याची आवड पाहणंच पसंत करतात, पण देणाऱ्याची स्वतःची ओळख जिच्यात दिसते अशी भेट दोघांना जास्त जवळ आणते. उदाहरणार्थ, गाणं भेट द्यायचं झालं तर 'तुला आवडेल असं' देण्यापेक्षा 'मी कोण आहे हे ज्यातून कळेल असं' दिलेलं गाणं जवळिकीच्या दृष्टीनं सरस ठरलं.

याचा सोयीस्कर अर्थ मात्र काढू नका. मला गिर्यारोहण आवडतं म्हणून गुडघे दुखणाऱ्या काकांना दोर आणि बूट, असं हे नाही. स्वतःतलं देणं म्हणजे स्वतःची आवड दुसऱ्यावर लादणं नव्हे. आपल्याकडे याची एक जुनी, नेमकी रीत आहे ती वानोळ्याची. शेतात पहिल्या शेंगा लागल्या, हुरडा आला, घरच्या गाईला खरवसाचं दूध निघालं, कोकणातल्या घरामागच्या झाडाचे आंबे उतरवले, की त्यातलं थोडं, अगदी ओंजळभर, सोयऱ्यांकडे जातं. बाजारात शेंगा मिळत नाहीत म्हणून कुणी वानोळा पाठवत नाही. त्यात पाठवणाऱ्याचं शिवार असतं, यंदाचा पाऊस असतो, 'यावर्षी उशीर झाला, कीड पडली होती' हे वाक्य असतं. घेणाऱ्याच्या उपयोगाचं आणि देणाऱ्याच्या जगण्यातलं, अशा दोन्ही गोष्टी त्या पिशवीत एकत्र येतात. शेत नसलेल्यांकडेही वानोळा असतो. तुम्हाला येणारी एक गोष्ट, तुमच्या घरची मेतकुटाची कृती प्रमाणासकट आणि आजी कुठे फसायची त्या टिपेसकट, तुम्ही वाचताना समासात खुणा केलेलं पुस्तक, कुणाच्या मुलाला दर रविवारी तासभर शिकवलेलं गणित. यांना रॅपर लागत नाही.

पैसाही यातून बाद होत नाही. व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये सविस्तर दाखवलं की लोक पैशाला सगळीकडे सारखा मानतच नाहीत. त्याच्यावर खुणा करतात, त्याला वेगवेगळ्या डब्यांत ठेवतात. भाऊबीजेच्या ताटात पडलेली नोट आणि पगाराची नोट किमतीनं एकच. तरी ओवाळणीची वर्षानुवर्षं न मोडता जपणाऱ्या बहिणी आपण पाहिल्या आहेत. पहिल्या पगारातून आईला दिलेल्या रकमेचंही तसंच. त्या नोटेत माणूस कुठून आला? ती कशातून आली आणि कुठल्या वेळी दिली, यातून.

सगळ्यात वैयक्तिक भेट अर्थातच वस्तू नसते. आपल्याबद्दलची एखादी खरी गोष्ट सांगणं, ही ती भेट. १९९७ साली आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना ३६ प्रश्न दिले. पहिला साधाच: जगातल्या कुणालाही जेवायला बोलवता आलं तर कुणाला बोलवाल? शेवटी शेवटी मात्र प्रश्न येतो की घरातल्या कुणाच्या जाण्यानं तुम्ही सर्वांत जास्त हलाल, आणि का? पाऊण तासाच्या अशा बोलण्यानंतर या जोड्यांना एकमेकांबद्दल वाटलेली जवळीक, हवापाण्याच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. वर्तमानपत्रांनी याचं 'प्रेमात पडायचे ३६ प्रश्न' करून टाकलं, पण अभ्यासकांचा दावा तेवढा नव्हता. पाऊण तासात आपुलकीची भावना येते, निष्ठा आणि बांधिलकी येईलच असं नाही, हे त्यांनी स्वतःच म्हटलं आहे.

हे काम करतं ते दोन गोष्टींमुळे. एक, पायरीपायरीनं खोल जाणं. पहिल्याच भेटीत घटस्फोटाची साद्यंत कहाणी ऐकवणारा माणूस जवळचा वाटत नाही, अंगावर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाळीपाळीनं बोलणं. सुझन स्प्रेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तपासलं तेव्हा, एकानं आधी सगळं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं अशा जोड्यांपेक्षा, एक तू एक मी असं बोललेल्या जोड्या एकमेकांना जास्त आवडल्या. मॉसची तीन बंधनं इथेही दिसतात. मी थोडं उघडलो, तुम्ही ते घेतलंत, आणि थोडं स्वतःचं दिलंत. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात वर्षानुवर्षं त्याच गाडीनं जाणाऱ्या मैत्रिणी होतात त्या अशाच. आधी भाजी निवडताना भाव, मग सासूचं दुखणं, मग एक दिवस नोकरी जाण्याची भीती.

फक्त कुणाच्या दुःखाच्या घरी गेल्यावर जपून. 'माझ्या वडिलांच्या वेळी असंच झालं होतं' हे एक वाक्य समोरच्याचं एकटेपण कमी करू शकतं. दहा वाक्यं झाली की घरचे लोक तुमचंच सांत्वन करायला बसतात.

देण्याला वजन असतं हे विसरून चालत नाही. फेडता येणार नाही एवढं मोठं दिलं की घेणारा वाकतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांत पॉटलॅच नावाच्या सोहळ्यात यजमान अफाट संपत्ती वाटून टाकत, आणि त्यातून कुणाचा दर्जा वर, कुणाचा खाली हे जाहीर होई. सरकारला ते इतकं खुपलं की १८८५ ते १९५१ पर्यंत त्यावर कायद्यानं बंदी होती. आपल्याकडचं मानपानाचं राजकारण वेगळं, पण देण्यातून समोरच्याला खाली बसवायची युक्ती तीच. म्हणून सुरुवातीच्या ओळखीत लहान भेटच बरी, जिला उत्तर देणं समोरच्याच्या आवाक्यात आहे.

दानाची तऱ्हा मात्र उलटी. जोनाथन पॅरी या अभ्यासकानं काशीच्या अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांमध्ये राहून काम केलं आणि १९८६ मध्ये मांडलं की हिंदू परंपरेतलं दान परत येताच कामा नये. परत आलं तर ते दानच नव्हे. घेणाऱ्याशी नातं जोडणं हा त्याचा हेतूच नाही. देवस्थानाच्या पावतीवर लोक नावाच्या जागी 'गुप्तदान' लिहायला सांगतात ते त्यामुळेच. देणारा मुद्दाम पुसायचा. ते थोर आहे, पण ते वेगळं काम आहे, आणि दोन्हींची गल्लत झाली की पंचाईत होते. मित्राला अडचणीत मदत करून 'मी विसरलोसुद्धा' म्हणणारा माणूस भला असतो, तरी मित्राला कधी कधी ते जड जातं. त्यालाही काही द्यायचं असतं आणि वाट मिळत नाही.

यावरून मॉसच्या दुसऱ्या बंधनाकडे येतो, ज्याकडे आपलं सगळ्यात दुर्लक्ष होतं. घेणं. भेट नाकारणं म्हणजे युद्धच पुकारल्यासारखं आहे, असं मॉसनं लिहिलं आहे. 'कशाला आणलंत एवढं?' हा आपला शिष्टाचार झाला, तो राहू दे. पण खरोखरचं नाकारणं घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला रोज येतं. आजी मटार सोलायला बसते, 'राहू दे गं, फ्रोजन आणलेत'. नातवासाठी स्वेटर विणायला घेते, 'आई, तो लोकर घालतच नाही'. ती चार लाडू वळते, 'तुझी शुगर बघ आधी'. सगळं काळजीपोटी, सगळं तर्काला धरून. आणि असं वर्षभर चाललं की त्या बाईजवळ फक्त घेणं उरतं. औषधं घ्यायची, डबा घ्यायचा, सून नेईल तेव्हा डॉक्टरकडे जायचं. ज्या माणसाचं काहीच कुणी घेत नाही, तो त्याच घरात पाहुणा होतो.

तेव्हा तिच्या हातून जे होतं ते मागून घ्यावं. बऱ्याच आज्या दुपारी कापूस घेऊन फुलवाती वळत बसतात. घरात रेडिमेड वातींचं पाकीट असलं तरी तिच्या वळलेल्या वाती आधी वापरा. जास्त झाल्या तर शेजारी द्यायला तिलाच पाठवा, जमत नसेल तर शेजारणीलाच वर बोलवा. किती धाग्यांच्या, कापूस कुठला, हे दोघींचं बोलणं तासभर तरी चालतं.